मागे जागा आहे

मी बोरबाला. डेपोत सगळे बोरी म्हणायचे. पाठीमागे काय म्हणायचे तेही मला ठाऊक आहे, पण ते लिहिण्यासारखं नाही. बुडापेश्तच्या रस्त्यांवर मी वीस-बावीस वर्षं जोडबस चालवली. पुढे एक डबा, मागे एक डबा, मध्ये पेटीच्या भात्यासारखा घड्याघड्यांचा भाता, आणि भात्याच्या आत पायाखाली एक लोखंडी तबकडी. वळण आलं की ती फिरते आणि तिच्यावर उभा असलेला माणूसही फिरतो. कारखान्यानं या बसला दोनशे ऐंशी असा नंबर दिला होता. आम्ही तिला लांबडी म्हणायचो.

माझा नवरा देझो त्याच लांबडीचा दुसरा मालक. मालक म्हणजे काही विकत घेतलेली नव्हे. आमच्याकडे डेपोतली प्रत्येक गाडी दोन ड्रायव्हरांच्या नावावर असायची, एक सकाळचा, एक दुपारचा. तिसऱ्यानं तिच्या स्टिअरिंगला हात लावला तर भांडण. धुवायची आपण, पडदे शिवायचे आपण, काही खुट्ट वाजलं तर मेकॅनिकच्या मानगुटीवर बसायचं तेही आपणच. बहुतेक जोड्या दोन बाप्यांच्या. आम्ही नवरा-बायको गाडी मागायला गेलो तेव्हा डेपोचा साहेब म्हणाला, "घ्या. निदान गाडीवरून तरी भांडणार नाही." आम्ही मग फक्त गाडीवरूनच भांडलो, बाकी कशावरून भांडायला वेळच नव्हता.

कारण देझो पहाटे जायचा आणि मी रात्री यायचे. आमचा संसार झाला तो कोबान्या वस्तीतल्या शेवटच्या थांब्यावर, दुपारी, गाडी बदलताना. तो उतरायचा, मी चढायचे. मी त्याच्या हातात चरबी लावलेला पाव आणि वर कांदा असं पुडकं द्यायचे, तो माझ्या हातात किल्ली द्यायचा. आणि रोज एकच वाक्य बोलायचा, "शेपूट सांभाळ."

बर्फात लांबडीचा मागचा डबा आपल्या मनानं जातो. पुढे ड्रायव्हर सरळ चाललाय आणि शेपूट तिकडे एखाद्या बाईच्या बाळगाडीकडे निघालंय, असं होतं. म्हणून ते वाक्य. आता दुसरा एखादा नवरा म्हणाला असता, सांभाळून जा, माझा जीव तुझ्यात आहे, वगैरे. हा म्हणायचा, शेपूट सांभाळ. मी मात्र ते बरोबर ऐकायचे. मग सीटवर बसायचे, ती त्याच्या अंगानं गरम झालेली असायची. तो उंच, मी बुटकी, सीट वर-पुढे ओढेपर्यंत ती ऊब जायची, म्हणून मी आधी तशीच जरा बसून घ्यायचे. मागचे प्रवासी ओरडायचे, "मावशी, निघायचं का आज?" मी म्हणायचे, "घाई असेल तर चालत जा."

एकदा डेपोतल्या कोणीतरी आम्हाला म्हटलं, तुम्ही दोघं म्हणजे अगदी जोडबसचे दोन डबे. मी विचारलं, यातला मागचा कोण? कारण इंजिन पुढच्या डब्याच्या पोटात असतं, मागचा नुसता ओढला जातो. त्यावर देझो म्हणाला होता, "पण माणसं मागेच जास्त मावतात."

हे मात्र त्याचं खरं होतं. पुढच्या डब्यात बसायचे म्हातारे, नोकरदार, नवीन टोपी घातलेल्या बायका. खरी वस्ती मागे. पहाटपाळीचे कामगार उभ्या उभ्या झोपलेले, बिनतिकीट पोरं, दारुडे, प्रेमातले, गुडघ्यांत कोंबड्यांचा पिंजरा घेऊन बसलेल्या बाजारवाल्या. गर्दी झाली की देझो माइकवर म्हणायचा, "मागे सरका, मागे जागा आहे." सगळे ड्रायव्हर म्हणायचे ते, पण देझो ते असं म्हणायचा की मागे खरंच काहीतरी चांगलं वाढून ठेवलंय असं लोकांना वाटायचं, आणि लोक सरकायचे.

मीही एकदा सरकले होते. तेव्हा मी ड्रायव्हर नव्हते, सीटा शिवायच्या कारखान्यात शिलाईला होते. देझो त्या दिवशी सुट्टीवर, प्रवासी म्हणून चढला आणि माझ्यामागोमाग तबकडीवर येऊन उभा राहिला. त्याआधी दोन महिने तो माझ्या मागे लागलेला होता. त्या तबकडीवर त्यानं मला लग्नाचं विचारलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात गाडी वळली, तबकडी फिरली आणि मी थेट त्याच्या अंगावर जाऊन आदळले. मागचा अख्खा डबा टाळ्या वाजवायला लागला. मी नाही म्हणणार होते की हो म्हणणार होते, ते कोणी विचारलंच नाही. पुढे चाळीस वर्षं मी त्याला तेच ऐकवत आले, की मी हो म्हटलेलं नाही, वळण आलं होतं. तो म्हणायचा, "वळण माझ्या ओळखीचं होतं."

या बसचा इतिहास देझोला कोणीही, कुठेही विचारावा. विचारला नाही तरी तो सांगायचा. आम्ही शाळेत असताना ती पहिल्यांदा रस्त्यावर कशी आली, मग मॉस्कोला गेली, लेनिनग्राडला, बर्लिनला, समुद्रापार हवानाला सुद्धा. अर्धी दुनिया आपल्या तबकडीवर उभी राहून कामाला गेली, असं तो म्हणायचा. मग राज्य बदललं. गाड्या घेणाऱ्या देशांकडे एका रात्रीत पैसे उरले नाहीत, कारखान्यातली माणसं घरी बसली. रस्त्यावरच्या गाड्या मात्र ठिगळं लावून पळतच राहिल्या. आम्ही निवृत्त झालो तरी त्या पळत होत्या. शेवटी एका शरदात उरल्यासुरल्याही गेल्या. त्या दिवशी निम्मं शहर कॅमेरे घेऊन आलं होतं. ज्यांनी आयुष्यभर उन्हाळ्यात उकडतं, हिवाळ्यात गारठतं म्हणून शिव्या घातल्या तेच डोळे पुसत होते. मेलेल्या म्हशीला मणभर दूध.

आमची लांबडी होर्न्याकनं लिलावात घेतली. होर्न्याक हा बांधकामातला पैसेवाला, पन्नाशीचा, दात फार पांढरे. त्यानं जुन्या डेपोची एक शेड विकत घेतली होती आणि तिथे जोडबसचा इतिहास मांडायचा होता त्याला. स्मृतिदालन. तो आमच्या घरी आला, दारातच वाकून जुन्या रिवाजानं म्हणाला, "हात चुंबतो, बाईसाहेब," आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून पोगाचाची, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या खाऱ्या पावांची, अख्खी ताटली संपवली.

"देझोकाका," तो म्हणाला, "गाडी पार मोडलीय. तुमच्यासारखा हात लागला तर उभी राहील. पैसे मात्र मी देऊ शकणार नाही, ही सगळी लोकांसाठी चाललेली सेवा आहे."

"पैसे कोण मागतंय?" देझो म्हणाला. मी टेबलाखालून लाथ मारली, ती होर्न्याकला लागली.

"एकच अट," देझो म्हणाला. "ती अख्खी उभी राहिली पाहिजे. पुढचा डबा, मागचा डबा, भाता, तबकडी. मला शेवटी एकदा पुढून चढून मागच्या दारानं उतरायचंय. आणि हिला तबकडीवर उभं करायचंय."

"मी कशाला उभी राहते," मी म्हटलं.

"अख्खीच तर," होर्न्याक म्हणाला. "अर्धी बस कोण बघायला येणार?" आणि त्यानं देझोचा हात दोन्ही हातांत धरून हलवला.

दोन हिवाळे देझो त्या शेडमागच्या अंगणात राबला. सत्तरी उलटलेला माणूस, छातीत धडधड, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून घ्या. हा म्हणाला, उद्घाटन झालं की. गंज खरवडला, दारं बसवली, मागच्या डब्यातली एकेक सीट घासली. तबकडीखालचं वंगण काढायला तो पोटावर सरपटत आत जायचा आणि मी बाहेर त्याचे बूट बघत उभी राहायचे, हलतायत ना म्हणून.

भाता माझ्या गळ्यात पडला. जुना फाटून लोंबत होता, नवा कुठे मिळत नव्हता. "बोरी, तू शिलाईवाली होतीस ना?" एवढंच म्हणाला मेला. रबरी कापड, जाड, हट्टी, सुई आत जायची नाही आणि गेली की बोटात निघायची. एकेक घडी स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरून शिवली. घरभर रबराचा वास, वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन विचारून गेली की तुम्ही नक्की शिजवताय तरी काय. आम्ही दोन हिवाळे उभ्यानं जेवलो. मी रोज शिव्या घालत होते, आणि खरं सांगायचं तर इतकं चांगलं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच पाळीला होतो.

शरदात काम संपलं. देझोनं अंगणात गाडीची एक फेरी मारली, मी भात्याकडे बघत होते. वळणावर घड्या एकीकडे मिटल्या, दुसरीकडे उघडल्या, एकही टाका उसवला नाही. होर्न्याक म्हणाला, आता रंग आणि मांडणी लिव्हिया बघेल, तुम्ही थेट मे महिन्यात उद्घाटनाला या. लिव्हिया म्हणजे त्यानं नेमलेली मांडणीवाली, काळे कपडे, काळा चष्मा, सगळ्यांशी गोड. देझो हिवाळाभर फोन करायचा. काही मदत हवी का? कुठवर आलंय? ती म्हणायची, "काका, सरप्राइज आहे."

मे महिन्यात देझोनं जुना युनिफॉर्म काढला. कोट मागून उसवून मोठा करावा लागला. टोपीही घातली. मी निळा ड्रेस घातला आणि तबकडीवर पडायला नको म्हणून सपाट बूट. त्यानं बूट बघितले आणि नुसता हसला.

शेड लोकांनी भरली होती. आत अंधारलेलं, आणि दिव्यांच्या झोतात आमची लांबडी, निळीशार, नवी कोरी. समोरून बघितलं तर मला सुद्धा भरून आलं. देझोची टोपी बघून लोकांनी वाट दिली. तो पुढच्या दारानं चढला, मी त्याच्या मागे. ड्रायव्हरच्या सीटवर हात फिरवून तो पुढे निघाला, भात्याकडे, दोन्ही बाजूंच्या दांड्या धरत, टोपी सरळ करत.

भात्यापाशी पोचला तर समोरून एक म्हातारा येत होता. युनिफॉर्ममधला, टोपी घातलेला. देझो थांबला. तो चटकन बाजूला झाला, त्याला यायला जागा दिली, आणि हलक्या आवाजात म्हणाला, "शेपूट सांभाळ."

पाठीमागे कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. देझोनं हात पुढे केला आणि त्याची बोटं काचेला लागली.

आरसा होता. छतापासून जमिनीपर्यंत. तबकडी बरोबर मधोमध कापली होती, आरशात ती पूर्ण दिसत होती. माझा भाता अर्धा कापून आरशाच्या कडेला चिकटवला होता, आरशात त्याच्याही घड्या पुऱ्या झाल्या होत्या. मागे लांबच लांब डबा दिसत होता, तो पुढचाच डबा होता, उलटा. त्यात लोक हसत होते, आणि आम्ही दोघं उभे होतो.

"कमाल झाली, काका." लिव्हिया टाळ्या वाजवत आली. "पहिलाच माणूस फसला. मला हेच हवं होतं."

होर्न्याकही आला. "हात चुंबतो, बाईसाहेब."

"हात राहू द्या," मी म्हटलं. "मागचा डबा कुठाय?"

"असं आहे ना, शेड लांबीला कमी पडली."

"शेड तुमची. दोन हिवाळ्यांत मोजली नाही?"

"मोजली होती. मावत होती. पण मग कॉफीचं दुकान ठरलं. त्याच्या भाड्यावर तर हे सगळं चालणार." त्यानं भिंतीकडे बोट दाखवलं. आरशाच्या पलीकडे, मागचा डबा उभा राहायचा तिथून, कॉफीचा वास येत होता. "शितावरून भाताची परीक्षा, बाईसाहेब. अर्ध्यावरून अख्खीची कल्पना येतेच की. आरसा तर खास व्हिएन्नाहून आणलाय."

"मी विचारलं, डबा कुठाय."

"एका मधमाश्यावाल्याला दिला, तिकडे पूर्वेला न्यिर्शेगमधल्या. बाभळीच्या रानात नेऊन पोळी ठेवणार आहे तो त्यात. भंगारात नाही घातला हं, तेवढी काळजी घेतली आम्ही."

मी देझोकडे बघितलं. त्यानं काहीतरी बोलावं म्हणून मी थांबले. बोलणं मलाही येतं, आणि होर्न्याकला त्याच्या पांढऱ्या दातांसकट गिळून टाकण्याइतकं येतं. पण शब्द देझोला दिला होता, हात त्याचा हलवला होता. तो त्या अर्ध्या तबकडीकडे बघत होता. बुटाचं टोक तिच्यावर ठेवून त्यानं जरा दाबून बघितलं. ती फिरणार नव्हती, खाली सिमेंट ओतलं होतं.

"काका, एक करा ना," लिव्हिया म्हणाली. "तुमचं ते गर्दीतलं वाक्य. माइकवर. सगळे वाट बघतायत."

लोक म्हणायला लागले, म्हणा काका, म्हणा. देझो वळला, पुढे गेला, सीटवर बसला. माइक हातात घेतला. मी मनात म्हटलं, आता. आता हा सांगेल सगळ्यांना. मी तर हात कमरेवर ठेवून तयारच होते, की याचं झालं की मी सुरू करते.

देझोनं माइक तोंडाजवळ नेला. मग त्याच जुन्या आवाजात, मागे काहीतरी चांगलं वाढून ठेवल्यासारखा म्हणाला, "मागे सरका, मागे जागा आहे."

काय हशा पिकला. लोक खरंच सरकले, एकमेकांना ढकलत आरशापर्यंत गेले, काचेला नाकं लावून फोटो काढायला लागले. माझ्या अर्ध्या भात्याला कोणाचा तरी खांदा घासत होता. देझोनं माइक जागेवर अडकवला, होर्न्याकनं दिलेली पालिंका दारूची बाटली घेतली आणि म्हणाला, "आभारी आहे."

घरी येताना मी त्याला बसमध्ये सोलून काढलं. नवी बस, एकच डबा, गार हवा. "आभारी? कशाबद्दल आभारी? माइक होता तुझ्या हातात. अख्खी शेड ऐकत होती. चाळीस वर्षं मला एकट्या बाईला इतिहास ऐकवलास, आणि सांगायची वेळ आली तेव्हा माकडासारखा नाचलास."

"ते म्हणाले म्हण, मी म्हटलं."

"मी बोटं भोसकून घेतली दोन हिवाळे."

"माहीत आहे."

"तू पोटावर सरपटलास."

"बोरी, हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत."

बरेच थांबे गेले. तो बाटली मांडीवर धरून बसला होता, टोपी तिच्यावर ठेवलेली. मला वाटलं रडतोय, म्हणून मी आवरतं घेतलं.

"तो म्हातारा आला ना मागून," तो म्हणाला.

"आरसा होता तो."

"ते नंतर कळलं. आधी कळलं नव्हतं तेव्हाचं सांगतोय. युनिफॉर्म, टोपी, आपल्याच डेपोतला वाटला. मला वाटलं, बदली आला. आपलं संपलं, आता गाडी त्यानं घ्यायची." त्यानं टोपी उलटी करून आत बघितलं. "इतकं बरं वाटलं, बोरी. किती वर्षांत वाटलं नव्हतं."

त्याची बदली नेहमी मीच असायचे. कोबान्याच्या थांब्यावर रोज दुपारी, पुडकं घेऊन, मीच. ते वाक्य माझं होतं, कोणा म्हाताऱ्याचं नव्हतं. आणि ज्या दोन हिवाळ्यांत मला वाटत होतं की आम्ही एकदाचे एका पाळीला आलो, त्या दोन्ही हिवाळ्यांत हा आपला थांब्याकडे बघत होता, कोणी येतंय का म्हणून.

हे मी त्याला बोलले नाही. थोड्या वेळानं आमचा थांबा आला. त्यानं बाटली माझ्याकडे दिली, आधी स्वतः उतरला आणि मला उतरायला हात दिला, आणि मी तो धरून उतरले.